चिऊचा घास, काऊचा घास आणि रिकामी न होणारी वाटी

सकाळी साडेआठ ते सव्वानऊ ही माझ्या दारातली घाईची वेळ. प्रत्येकीची लोकल ठरलेली असते. मूल, पिशवी आणि डबा माझ्या हातात देताना बोलायला जेमतेम अर्धं मिनिट मिळतं, आणि तेवढ्यात मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हे: ‘काकू, सकाळपासून काही म्हणजे काही खाल्लेलं नाहीये. नुसतं दूध प्यायलाय.’

ठाण्यात नौपाड्याला, तळमजल्यावरच्या आमच्या घरात मी २००६ पासून पाळणाघर चालवते. दीड ते चार वर्षांची आठ-दहा मुलं रोज माझ्याकडे जेवतात. घरी तोंड न उघडणारं मूल इथे महिन्या-दीड महिन्यात स्वतःच्या हाताने वरणभात कालवायला लागतं, तेव्हा आया विचारतात, ‘तुम्ही नेमकं करता तरी काय?’ दारात उभ्याउभ्या ते सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी दोन दिवस लिहून काढा

मुलाच्या तोंडात दिवसभरात जे जे जातं ते दोन दिवस वेळेसकट कागदावर लिहा. आजोबांनी चहाबरोबर दिलेलं अर्धं बिस्कीट, वाण्याने हातात ठेवलेली गोळी, सगळं लिहा.

गेल्या पावसाळ्यात एका आईने शनिवार-रविवारचा असा कागद लिहून आणला. मुलगा सव्वादोन वर्षांचा. सकाळी साडेसहाला बाटलीभर दूध, म्हणजे २५० मिली. आठला दोन बिस्किटं. साडेनऊला अर्धं केळं. साडेदहाला मूठभर कुरमुरे. अकराला कुरकुर करतो म्हणून पुन्हा बाटली. साडेबाराला वरणभात, त्यापुढे तिने लिहिलं होतं, ‘दोन घास, तेही मोबाइल लावून’. रात्री झोपताना तिसरी बाटली.

तीन बाटल्यांचे ७५० मिली झाले. गाईचं दूध धरलं तरी त्यातून साधारण ५०० कॅलरी जातात, म्हशीचं असेल तर आणखी जास्त. या वयाच्या मुलाला दिवसाला लागतात हजाराच्या आसपास. निम्मा दिवस दुधातच भागला. त्या सकाळच्या कागदावर दोन खाण्यांमधली सर्वांत मोठी मोकळी जागा दीड तासाची होती. एवढ्यात त्याला भूक लागणार कशी? त्याची आई मात्र चार महिने डॉक्टरांकडे भूक वाढवणारं टॉनिक मागत होती.

म्हणून पहिलं काम दुधाचं. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसभरात ४०० ते ५०० मिली दूध पुरे, आणि त्यात दही-ताकही धरायचं. दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय खूप दूध पिणाऱ्या मुलांची शी घट्ट होते आणि तीन-तीन दिवस पोट साफ नसलेलं मूल जेवायला मागत नाही. बाटली बंद करून दूध छोट्या पेल्यातून द्या, जेवणानंतर किंवा न्याहारीबरोबर. एकदम सगळ्या बाटल्या काढायची हिंमत होत नसेल तर आधी अकराची काढा, चार दिवसांनी सकाळची, सर्वांत शेवटी रात्रीची. रात्रीची काढताना तीन-चार रात्री रडारड होते. त्या आठवड्यात पाहुणे, प्रवास, लसीकरण काही ठेवू नका.

भूक कमी होते, ती का

पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं. जन्मतः तीन किलोचं बाळ वाढदिवसाला नऊ किलोचं झालेलं असतं. दुसऱ्या वर्षात मात्र वाढतं ते दोन-अडीच किलोच. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण पहिल्या वर्षाच्या हिशेबाने वाटी भरत असतो. त्यातच दीड वर्षाच्या सुमाराला, पाय फुटले की, मुलांना नव्या पदार्थांची भीती वाटायला लागते. कालपर्यंत खाल्लेली दुध्याची भाजी आज हातानेच लोटून देतात. हे जवळपास सगळ्याच मुलांमध्ये येतं, कुणात थोडं, कुणात पुष्कळ.

किती वाढायचं याचं माझं माप सोपं आहे: वर्षाला एक मोठा चमचा. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे वरण, दोन चमचे भाजी. मागितलं तर पुन्हा वाढायचं. मोठ्या वाटीत वाढलेलं अर्धं संपलं तरी आईला वाटतं, अर्धं राहिलं. तेच छोट्या वाटीत वाढलं की मूल दुसऱ्यांदा मागतं आणि दोघंही खूश असतात.

मधल्या वेळा मोकळ्या ठेवा

माझ्याकडे सव्वानऊला न्याहारी, सव्वाबाराला जेवण, झोपून उठल्यावर साडेतीनला फळ किंवा काहीतरी खायचं, आणि साडेसहाला घरी जाण्याआधी गरम असं काही. मध्ये फक्त पाणी. नवीन मूल पहिले तीन-चार दिवस अकरा वाजता माझ्या पदराला धरून ‘बिक्की, बिक्की’ करतं. मी खाली बसून त्याला सांगते, ‘बिस्कीट आत्ता नाही बाळा, आता आपण मटार सोलायचे, मग जेवायचं.’ आवाज चढवायचा नाही आणि शब्दही बदलायचा नाही. आठवडाभरात पोटालाच वेळ कळते.

साडेसहाचं खाणं मी मुद्दाम सुरू केलं, आणि ठाणेकरांसाठी ते फार कामाचं आहे. पूर्वी मुलं साडेसहा-सातला निघायची. घोडबंदर रोडला राहणारं मूल गाडीत मानपाडा, पातलीपाडा करत तासभर अडकायचं. रडू नये म्हणून हातात वेफर्सचं पाकीट. घरी पोचल्यावर आठला ताट समोर आलं की पोट मिठाने आणि तेलाने भरलेलं. आई दिवसभराची दमलेली, तिला मूल जेवताना बघायचं असतं, आणि तिथून भांडण सुरू. आता साडेसहाला मी मऊ खिचडी, उपमा किंवा धिरडं देते. घरी गेल्यावर आई-बाबांबरोबर त्याने चार घास खाल्ले तरी चालतं, त्याचं मुख्य जेवण झालेलं असतं. तुमचं मूल आजीकडे किंवा सांभाळणाऱ्या ताईंकडे असेल तर त्यांनाही एवढंच सांगून बघा.

ताट कसं वाढायचं

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी लहान मुलांच्या जेवणाची एक वाटणी सांगितली आहे आणि जगभर ती वापरतात. काय वाढायचं, कधी वाढायचं, कुठे बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे पटलं नव्हतं. माझ्या थोरल्याला मी मांडीत धरून, एका हाताने गाल दाबून भरवलं होतं. एकदा तो पालकाच्या खिचडीवर ओकला आणि पुढे वर्षभर हिरव्या रंगाचं काही ताटात दिसलं की तोंडावर हात धरायचा. त्याचे ते दोन हात मला अजून दिसतात. पाळणाघर काढलं तेव्हा एक गोष्ट मी ठरवली, इथे कुणाच्या तोंडात जबरदस्तीने घास जाणार नाही.

आमच्याकडे सतरंजीवर गोल करून सगळे बसतात, मीही बसते, माझं ताटही तेच. प्रत्येक ताटात एक पदार्थ असा असतो की जो ते मूल नक्की खातं. कुणाचा तो नुसता भात, कुणाचं दही, कुणाची पोळी. त्यामुळे कुणी उपाशी उठत नाही आणि मला त्याच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. बाजूला जी नवीन भाजी असते ती बोराएवढी. त्याबद्दल मी काही बोलत नाही. ‘बघ बघ, ताईने कशी खाल्ली’ म्हणायचं नाही, खाल्ल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत. टाळ्यांसाठी खाणारं मूल टाळ्या थांबल्या की खायचं थांबतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

ताटाशेजारी एक रिकामी वाटी ठेवते, तिला मुलं ‘नको-वाटी’ म्हणतात. तोंडात घातलेलं आवडलं नाही तर तिच्यात काढून ठेवायचं. कुणी रागावत नाही. ही वाटी आल्यापासून चाखून बघणारी मुलं वाढली, कारण चाखलं की गिळावंच लागणार ही धास्ती गेली.

एखादी नवीन चव मुलाच्या ओळखीची व्हायला आठ-दहा वेळा, काहींना पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळेला ‘याला भोपळा आवडत नाही’ असं जाहीर करून मोकळे होतो. त्या बाटलीवाल्या मुलाच्या लाल भोपळ्याच्या मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. पहिल्या तीन वेळा त्याने फोड ताटाबाहेर ठेवली. चौथ्यांदा बोटाने चेचली. सहाव्यांदा जीभ लावली आणि अंग शहारून नको-वाटीत टाकली. मध्ये दोनदा बघितलंच नाही. अकराव्यांदा खाल्ली, आणि खाल्ली हे त्याचं त्याच्याही लक्षात आलं नाही, तो शेजारच्या मुलीच्या पायातले पैंजण बघत होता. आठवड्यातून दोनदा या हिशेबाने हे सगळं सहा आठवडे चाललं.

भाजी लपवून देण्याबद्दल आया नेहमी विचारतात. पालक कणकेत, गाजर इडलीत, बीट धिरड्यात. जरूर करा, पोटात चांगलंच जातं. फक्त ज्या दिवशी पालकाची पोळी कराल त्या दिवशी ताटात शिजवलेल्या पालकाचं एक पान उघडं ठेवा, आणि मुलाला सांगा की पोळीत हेच आहे. लपवलेला पालक खाऊन मुलाला पालक ओळखू येत नाही, आणि एखाद्या दिवशी त्याला कळलं की आई पोळीत काहीतरी घालते तर तो पोळीही सोडेल. असं झालेलं मूल माझ्याकडे आलं होतं. पांढऱ्या भाताशिवाय कशावर विश्वास नाही. त्याला दोन महिने लागले.

‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हे तर करूच नका. त्यातून भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस एवढंच शिकवलं जातं. आपल्याकडे ताट वाढायची रीत किती शहाणपणाची आहे बघा: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, आणि गोडही त्याच ताटात, त्याच वेळी. सणाला शिरा असेल तर मी दोन चमचे शिरा भाताबरोबरच वाढते. काही मुलं तो आधी खातात. खाऊ देत. मग उरलेल्या ताटाकडे वळतात.

बाजार आणि हात

शनिवारी सकाळी मूल घेऊन जांभळी नाक्याच्या बाजारात जा, गर्दी वाढायच्या आत. दोन वर्षांच्या मुलाच्या हातात एक कापडी पिशवी द्या आणि त्यात एकच लिंबू नाहीतर एक कणीस. ते त्याचं. पावसाळ्यात येऊरकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. कंटोळ्यावरून बोट फिरवायला मुलांना फार आवडतं, लगेच खातील असं नाही, पण हातात धरलेली गोष्ट ताटात आल्यावर ती परकी राहत नाही. थंडीत मटार सोलायला बसवा. कच्चे दाणे तोंडात जायला लागले तर लक्ष ठेवा.

गिळण्याच्या धोक्याबद्दल इथेच सांगते. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नका. शेंगदाण्याचं कूट करून द्या. द्राक्षं उभी चिरून चार भाग करा. मूल बसूनच खाईल, धावताना, हसताना, गाडीत मागच्या सीटवर एकटं असताना नाही.

मिक्सर कधी बंद करायचा हाही एक प्रश्न असतो. दोन वर्षं सगळं वाटून दिलेलं मूल दाणा लागला की ओकारी काढतं. ते हट्टी नसतं, त्याच्या जिभेला सवय नसते. आठवड्यागणिक बदल करा: आधी मिक्सर सोडून चमच्याने घोटलेलं, मग हाताने कुस्करलेलं, मग मऊ भाताचं शीत तसंच. माझ्याकडे या मुलांना सर्वांत आधी धिरडं जमतं. अर्धी वाटी सालाची मूगडाळ चार तास भिजवायची, आल्याचा छोटा तुकडा, जिरं आणि मूठभर कोथिंबीर घालून वाटायची. अर्धी वाटी किसलेला दुधी, चिमूटभर हळद, बेताचं मीठ. बिडाच्या तव्यावर पुरीएवढी धिरडी घालून झाकण ठेवायचं, दोन्ही बाजूंनी भाजून बोटाएवढ्या पट्ट्या कापायच्या. मूल पट्टी स्वतः धरतं, आणि स्वतः धरलेलं तोंडात लवकर जातं. कपडे खराब होतात. होऊ देत, खाली जुनी चादर अंथरा.

लोहाची गोष्ट

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७.१ टक्के भारतीय मुलं रक्तक्षयाची आढळली. सुशिक्षित, दोघंही कमावणाऱ्या घरांतही हे होतं, कारण दूध, बिस्किटं, पांढरा भात यांवरच मूल वाढतं. आणि रक्त कमी असलं की भूक मरते, भूक मेली की रक्त आणखी कमी. मूल फिकट दिसत असेल, माती, खडू, भिंतीचा चुना चाटत असेल तर डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी कार्यक्रमात या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं एक मिली औषध देतात, आणि एक वर्ष पूर्ण झालेल्यांना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, जंताची गोळी. अंगणवाडीत चौकशी करा किंवा तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आपल्या मनाने मात्र काही देऊ नका.

ताटात मसूर, चवळी, पालेभाज्या, अंडं, खात असाल तर कलेजी, आणि त्यावर लिंबू पिळायला विसरू नका. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने डाळी-भाज्यांमधलं लोह अंगाला जास्त लागतं. वरणभातावर लिंबू ही आपल्या घरातली रोजची गोष्ट, मुलाच्या वाटीत मात्र ‘खोकला होईल’ म्हणून आपणच गाळतो. नाचणी जरूर द्या, तिच्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पण नाचणी दिली म्हणजे लोहाचं काम झालं असं समजू नका. चहात बुडवलेलं बिस्कीट पूर्ण बंद. चहामुळे लोह कमी शोषलं जातं.

आजी आणि मोबाइल

आजीचं म्हणणं असतं, ‘एक घास माझ्या नावाचा.’ त्यात माया आहे, ती थांबवायची नाही. सूनबाईंना मी सांगते की सासूबाईंशी ‘असं भरवू नका’ म्हणून बोलणं सुरू करू नका. ‘आई, तुम्ही त्याच्याबरोबर ताट घेऊन बसाल का? तुमच्याकडे बघून तो खातो’ असं म्हणा, आणि ते खरंही आहे. सोबत जेवणारी आजी भरवणाऱ्या आजीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

चिऊचा घास, काऊचा घास मी अजून म्हणते, लहानग्यांना. त्यात मूल माझ्या तोंडाकडे बघतं, घास येताना त्याला दिसतो, नको असेल तर मान फिरवतं. मोबाइलसमोर ते काय गिळतंय हेच त्याला कळत नाही, पोट भरलेलं कळत नाही, चव तर नाहीच. दोन वर्षांखाली पडदा नको आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. जेवणातून तो काढायला साधारण आठवडा लागतो. पहिले दोन दिवस मूल जवळजवळ जेवणार नाही. मोठ्यांचे फोनही त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत आटोपा. खेळायला लागलं की ताट उचला, न रागावता, आणि पुढच्या वेळेपर्यंत फक्त पाणी.

डॉक्टरांकडे कधी

वजनाची नोंद दर दोन-तीन महिन्यांनी लसीकरणाच्या कार्डावरच्या आलेखात करून घ्या. रेघ आपल्या मार्गाने वर जात असेल तर बारीक दिसणारं मूलही ठीक आहे. रेघ आडवी झाली किंवा खाली आली, जेवताना दरवेळी ठसका लागतो, वारंवार उलटी होते, खाण्याचे पदार्थ पंधरा-वीसच्याही खाली येऊन रोज कमीच होतायत, तर थांबू नका. त्याला नखरे म्हणून घरी वेळ घालवू नका.

आजारपणात वरचं सगळं बाजूला ठेवा. तापात मूल पेज, ताक, वरणाचं पाणी जे घेईल ते, जितक्या वेळा घेईल तितक्या वेळा. जे मूल अंगावर पितं त्याला अंगावर पाजा. ताप उतरल्यावर दोन आठवडे दिवसाला एक जास्तीचं खाणं द्या, गमावलेलं वजन त्यात भरून निघतं. त्यानंतर पुन्हा आपल्या ठरलेल्या वेळा. माझ्याकडे मूल तापातून उठून परत येतं तेव्हा आईने मला फक्त एवढं सांगावं की ताप कधी उतरला. बाकीचे दिवस मी कॅलेंडरवर मोजते.